हवापालट

नावाड्याच्या बायकोचा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा तो तिला होडीत घालून शहरातल्या लेकीकडे घेऊन आला. लेकीने दोघांना मोठ्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं आणि केसपेपरवर सवयीने स्वतःचाच पत्ता घातला.

"काम काय करता, आजी?"

"हॉटेलाच्या चादरी धुते. वीस वर्षं झाली."

"ब्लीचच्या वाफेने छातीची पार वाट लागलीय. औषधं देतो मी, पण खरा इलाज म्हणजे हवापालट." डॉक्टरांनी मोबाइल पुढे धरला. "आम्ही दरवर्षी या बेटावर जातो. ना थंडी, ना उकाडा. आठ दिवसांत माणूस नवा होऊन येतो."

नावाड्याने फोटो पाहिला. निळंशार पाणी, पांढरी वाळू, धक्क्याला बांधलेली होडी. होडीच्या कडेला त्याने स्वतः मारलेलं पत्र्याचं ठिगळही दिसत होतं. त्याने मोबाइल बायकोच्या हातात दिला.

बायकोने तो डोळ्यांजवळ नेला.

"हवा चांगलीच आहे हो तिथली, डॉक्टर," ती म्हणाली. "मागे दोरीवर वाळतायत ना, त्या चादरी मीच धुतल्यात."