डबा रिकामा देऊ नये

पाहुण्यांच्या पेल्यात चहा ओतत असताना फुसाएला दारातून योशिनो आत येताना दिसली. तिच्या हातात फुसाएचाच डबा होता. लाल झाकणाचा, कोपऱ्यात टवका उडालेला. गेल्याच आठवड्यात फुसाएने तो मुळ्याच्या लोणच्याने काठोकाठ भरून दिला होता, शेजारीण म्हणून, दरवर्षीसारखा.

अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर उठलेलं हे गाव आता पुन्हा वसलं होतं, तेही म्हाताऱ्यांपुरतं. परतलेल्यांनी परसातल्या अन्नातला किरणोत्सर्ग मोजून मगच ते खावं म्हणून गावच्या या सभागृहात शिशाच्या जाड भिंतींचं एक यंत्र बसवलं होतं. किरणोत्सर्गापासून माणसांनी कसं वाचायचं याचे जगभरासाठी नियम ठरवणाऱ्या मंडळाचे डॉक्टर लेनार्ट आज ते यंत्र बघायला आले होते. महिला मंडळाकडे चहा होता आणि चहासोबत फुसाएचं लोणचं. डॉक्टरांनी काहीही न विचारता चार चकत्या कुरुमकुरुम खाल्ल्या, पाचवीला हात घातला. त्यांचं विमान उद्याचं होतं.

सगळ्या बायकांना सारखेच एप्रन आणि डोक्याला सारखेच रुमाल. योशिनोला त्यातली फुसाए दिसली नाही. ती सरळ यंत्रापाशी गेली.

"मोन्मा, हे घे. यंदाचं."

यंत्र सांभाळणाऱ्या मोन्माने झाकण काढलं, सगळं लोणचं चिरायच्या पाटावर उलटं केलं आणि सुरी चालवली. यंत्राला मूठभर चालत नाही, डबाभर लागतं, तेही बारीक चिरून. आणि यंत्रात जाऊन आलेलं कुणी पानात वाढत नाही.

फुसाए बघत राहिली. वळचणीला मुळे सुकवायचे, कोंड्यात नि मिठात दाबायचे, वर नदीचा दगड ठेवायचा, तो दगडही घासून घासून धुतलेला. पिंपातला पहिला डबा ती स्वतः इथे आणून मोजून घ्यायची, मगच शेजारी द्यायची. तसं तिने योशिनोला सांगितलंही होतं. एवढं असून शेजारणीला तिचा शब्द पुरला नव्हता. तिला वाईट वाटलं. मग वाटलं, असेल काही कारण.

"नातू येतोय वाटतं?" तिने मागून विचारलं.

योशिनो दचकली. "अगं, तू इथे? हो ना. सून फोनवर दहा वेळा विचारते. शहरातली माणसं, तुला माहीतच आहे."

"माहितीये." फुसाएचा जीव भांड्यात पडला. लहान लेकराच्या पोटात जायचं असेल तर आपणही मोजलंच असतं की. खायला दुसरा डबा भरून देऊ.

मोन्मा भला माणूस. दोघींमधला अवघडलेपणा घालवावा म्हणून तो म्हणाला, "काळजी नको योशिनोकाकू. आजवर दरवर्षी आणलात, एकदा तरी काही सापडलंय का या डब्यात?"

सुरी पाटावर वाजत राहिली. आपण काय बोलून गेलो ते मोन्माला कळलं, पण उशिरा.

दरवर्षी. म्हणजे दरवर्षी अख्खा डबा या यंत्रात. आणि दरवर्षी योशिनो दारात येऊन सांगायची, 'तुझं लोणचं नसलं ना, तर भात घशाखाली उतरत नाही बघ.'

"मग भाताबरोबर काय खायचीस गं?" फुसाएने विचारलं.

योशिनो नळापाशी गेली. रिकामा डबा तिने नळाखाली धुतला, कोरडा पुसला, काउंटरवर ठेवला. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, एवढी रीत मात्र तिच्या हाताला पक्की ठाऊक होती. पिशवीतून तिने उकडलेल्या बांबूच्या कोंबांचं पुडकं काढलं.

"तुझ्याकडेच येत होते इथून. आमच्या बेटातले आहेत, कोवळे. तुला आवडतात ना?"

आवडतात. दर वसंतात फुसाए ते भातात शिजवून खायची, अगदी तळाची खरपुडीसुद्धा सोडायची नाही. मोजायचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. योशिनोने दिलेले, त्यात काय मोजायचं?

"हे मोजलेस?"

"हे?" योशिनो गोंधळली. "तुझ्याकडे कुठे नातवंडं यायचीत?"

ती हे सहज म्हणाली. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. फुसाएला ते कळलं, म्हणून तर जास्त लागलं. कुणी टोचून बोललं असतं तर उलट उत्तर देता आलं असतं.

तिने पुडकं सोडलं आणि कोंब मोन्माच्या पाटावर ठेवले.

"हेही लाव रांगेत. बारीक चीर."

"फुसाए, अगं..."

"बारीक चीर, मोन्मा."

तोवर डॉक्टर लेनार्ट उठून जवळ आले होते. त्यांनी दुभाषी मुलीला काही विचारलं, तिने मोन्माला विचारलं, मोन्माने मान खाली घालून सांगितलं की या दोघी शेजारणी आहेत आणि हे एकमेकींनी दिलेलं आहे. डॉक्टरांचा चेहरा उजळला. ते छातीवर हात ठेवून बराच वेळ बोलले.

"डॉक्टर म्हणतायत," मुलगी सांगू लागली, "वरून कितीही नियम लादले तरी काही होत नाही. माणसांनी असं आपणहून मोजायला शिकलं पाहिजे. शेजाऱ्याशेजाऱ्यांत पुन्हा विश्वास तयार होतो, तो असा. हे ते जगभर सांगणार आहेत. तुमचा एक फोटो हवाय."

दोघी यंत्रासमोर उभ्या राहिल्या.

"जरा जवळ या ना. आणि तो डबा धरा म्हणतायत, मधोमध."

डबा काउंटरवर होता, धुतलेला, रिकामा. दोघींपैकी एकीनेही हात पुढे केला नाही.