लागतंय

"लागतंय," हौसा म्हणाली.

आठल्ये डॉक्टरांनी हातातलं कोंबडीचं पीस टेबलावर ठेवलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "अगं, मी अजून लावलंच कुठे?"

हौसाने मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटून घेतले. पिसाचा स्पर्श कळला की 'लागतंय' म्हणायचं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने मनाशी ठरवून टाकलं, कळो न कळो, लागतंयच म्हणायचं. न लागून भागणारच नव्हतं. डाव्या दंडावर रुपयाएवढा फिकट डाग उठला होता आणि त्या डागापायी महिनाभर तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. डागाला स्पर्श कळला नाही तर ती रक्तपिती. मग वाडीबाहेर एक खोपटं, आणि तान्हा रघू कायमचा सासूच्या कडेवर.

आत्ताही तो तिथेच होता. दाराशी गोदूबाई त्याला घेऊन उभी होती, आणि तो दोन्ही हात पसरून आईकडे झेपावत होता. गोदूबाई काही खाष्ट सासू नव्हे. नातवाला शेळीचं दूध पाजताना आणि सुनेला परसात भिंतीआड आपलं दूध पिळून टाकताना पाहून तिचाही पदर डोळ्यांना लागत होता. पण नातू काही तिने सोडला नाही. मुलगा मुंबईला गिरणीत, त्याला उद्या काय तोंड दाखवणार? शेवटी तिनेच धीर केला. पोराला खोकला झालाय असं वाडीत सांगून तिने सुनेला बैलगाडीत घातलं आणि संगमेश्वराकडून थेट रत्नागिरी गाठली.

"आता तोंडाने बोलायचंच नाही," डॉक्टर म्हणाले. "मी जिथे पीस लावीन तिथे तू बोट ठेवायचं. नाही कळलं तर ठेवू नको. मला फसवशील गं, पण त्यात नुकसान तुझ्या पोराचंच."

आता लबाडीला जागाच नव्हती.

मनगटाशी काहीतरी हुळहुळलं. तिने बोट ठेवलं. कोपराच्या वर, पुन्हा ठेवलं. मग काहीच नाही. बाहेर रस्त्यावर कोणीतरी बैलाला हाकारत होतं, रघू किरकिरत होता, आणि दंड लाकडासारखा गप्प. तिचं बोट उगाच उचललं जायला बघत होतं. तिने ते महत्प्रयासाने मांडीवर दाबून धरलं. देवा, लागू दे. दुखू दे हवं तर, पण लागू दे.

आणि मग मुंगी चालावी तसं काहीतरी दंडावरून गेलं. डागाच्या कडेने आलं आणि मधोमध थांबलं. हौसाने बोट ठेवलं.

"नक्की?"

तिने बोट काढलं नाही.

"बरं," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी हौसा खुर्चीवरून वीतभर उडाली. "आई गं!"

"उघड डोळे. टाचणी होती ती."

डागाच्या बरोब्बर मध्ये रक्ताचा टिपका आला होता. हौसा त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. कुंकवाकडे बघावं तशी.

"तुम्हाला वाटतं, कातडी म्हणजे अंगावर पांघरलेली गोधडी," डॉक्टर कापसाने टिपका पुसत म्हणाले. "तसं नाही ते. वरचा पापुद्रा तेवढा मेलेला, तो रोज झडतो. त्याच्या खाली जिवंत कातडी, आणि तिच्यात केसाहून बारीक तारा. साधी माशी बसली तरी डोक्याकडे वर्दी जाते. रक्तपितीत त्या ताराच मरतात. हिच्या सगळ्या जाग्या आहेत. मधे मी पीस लावलंच नव्हतं, तेव्हा बोटही उठलं नाही. डाग आहे तो वरच्या पापुद्र्यातला, साधं शिबं. घामाने येतं. गंधकाचं मलम देतो."

"आवो डाक्टर," गोदूबाई दारातूनच म्हणाली, "मंग पोर दिऊ तिच्याजवल?"

"द्यायला कधीचं पाहिजे होतं!"

हौसा डॉक्टरांच्या पायांशी वाकली. डॉक्टरांनी पाय मागे घेतले. "माझं काय त्यात? नमस्कार करायचाच तर त्या कातडीला कर. बिचारी रात्रंदिवस राखण करते, आणि कोणी तिचं नाव काढत नाही."

हौसाने खरोखरच उजवा हात डाव्या दंडाला लावला आणि मग कपाळाला लावला. डॉक्टर हसले नाहीत.

गोदूबाई पुढे झाली. तिने आधी आपला खरखरीत तळवा सुनेच्या दंडावर, त्या डागावरच ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. मग रघूला तिच्या हवाली केलं.

महिनाभराची कसर भरून काढायची म्हणून की काय, रघूने आईचा दंड दोन्ही हातांनी पकडला आणि कचकन चावा घेतला. हौसा कळवळली. खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढे दोन दात चमकत होते. तिने ते कधी पाहिलेच नव्हते.

"दात आले गो त्याला," गोदूबाई खाली बघत म्हणाली. "तू रडशील म्हनून सांगितलं नाय."

रघूने पुन्हा तोंड लावलं. या वेळी सोडायचं नावच काढेना.

"अगो, चावतोय तो! सोडव की!"

"ऱ्हाऊ दे, आत्याबाय," हौसा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि दंड तिने तसाच पुढे धरला होता. "लागतंय."