जाळीचा शेवटचा धागा

सव्वीस वर्षं आमच्या गावच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचली नव्हती. अशात त्या टीमकडून खेळणाऱ्या माझ्या मुलाला, डेमॉन्टला, एका बड्या विद्यापीठाच्या टीमचं बोलावणं आलं. आमच्या टीमचे कोच हॅल्व्हर्सन धावत माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. मी भाजलेलं पीचचं कॉब्लर, म्हणजे फळांचं गोड पक्वान्न, दोनदा मागून खाल्लं आणि म्हणाले, "मिसेस टॉलिव्हर, पोराला थांबवा. निष्ठा म्हणून काही असते की नाही?"

मला पटलं. मीच डेमॉन्टला दटावून थांबवलं.

यंदा मार्चमध्ये त्याच्याच शेवटच्या बास्केटवर आम्ही आमच्या विभागाची फायनल जिंकलो आणि राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडलं. जिंकणाऱ्या टीमच्या रिवाजाप्रमाणे पोरांनी एकेक करून शिडीवर चढून रिंगची जाळी कापली. शेवटचा धागा कोचनी कापला, जाळी गळ्यात घातली आणि सगळ्या गावासमोर ढसाढसा रडले.

राष्ट्रीय स्पर्धा संपली आणि आठवड्याभरात ते कोच म्हणून निघून गेले, डेमॉन्टला बोलावणाऱ्या त्याच विद्यापीठात.

डेमॉन्टने माझ्यासमोरच फोन लावला. "कोच, आता मीही येऊ का तिकडे?"



"अरे, इथे तुझ्यापेक्षा उंच पोरं घेतलीत मी. आणि असं गाव सोडून निघतोस काय, डेमॉन्ट? निष्ठा म्हणून काही असते की नाही?"