चुलीतली गाबिया

“गाबिया, झोप आता. घर सोडून जाऊ नकोस.”

झिविलेने निखारे एकत्र केले, त्यांच्यावर चिमूटभर मीठ टाकलं आणि तान्ह्या बाळावर दुलई ओढावी तशी हलक्या हाताने राख ओढली. मग चुलीशेजारी स्वच्छ पाण्याची वाटी ठेवली. झोपण्याआधी आगीलाही अंग धुवावंसं वाटतं. दारात तिची सून उभी होती. आज ती काहीतरी सांगायला आली होती, पण ही प्रार्थना कानावर पडली आणि ती तशीच मागे फिरली.

कारण सुनेचं नावही गाबियाच होतं.

आमच्या लिथुआनियात चुलीतल्या आगीला गाबिया म्हणतात. घर राखणारी देवी ती. मुलीला तिचं नाव देण्याची हौस मात्र चूल नसलेल्यांनाही असते. सुनेची आई विल्नियसला सातव्या मजल्यावर राहायची. नाव कानाला गोड लागलं म्हणून तिने ठेवलं, एवढंच. लग्नात झिविले मोठ्याने हसली होती. “म्हणजे घरात एक आणि चुलीत एक! बरं झालं, माझ्या माहेरी आगीला गाबेता म्हणायचे, मीही तेच म्हणते. नाहीतर हाक मारली की दोघी धावून आल्या असत्या.”

ते हसणं फार दिवस टिकलं नाही. एका मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ पातळ झाला होता. मासे धरायला गेलेला झिविलेचा मुलगा रिमास परत आला नाही. आई आणि बायको, दोघी उरल्या. रविवारी गाव चर्चला जायचं, या दोघी ओकाच्या झाडाखाली जुन्या देवांना मानणाऱ्या रोमुवा पंथाच्या मंडळींसोबत होम पेटवायला जायच्या. गाव हसायचं. दोघी एकमेकींचा हात धरून चालायच्या, त्यामुळे हसण्याचं काही वाटायचं नाही.

आणि आता दोनातास होता. समुद्रकाठच्या क्लायपेदाला जहाजं दुरुस्त करायचा. साधा, हसरा माणूस. त्याने लग्नाचं विचारलं होतं. गाबियाला हो म्हणायचं होतं, मनापासून म्हणायचं होतं. पण रोज संध्याकाळी चुलीपाशी सासू म्हणायची, गाबिया, जाऊ नकोस. आणि गाबियाचा पाय घरातच अडकायचा.

पुढच्या रविवारी तिला राहवलं नाही.

“आई, तुम्ही रोज मला जाऊ नकोस म्हणता. मग मी जाऊ कशी?”

झिविलेच्या हातातला बटाटा तसाच राहिला. मग ती खो खो हसायला लागली.

“अगं वेडाबाई, मी चुलीशी बोलते! आग घरभर हिंडायला लागली तर घर जळेल ना. माझी आई असंच म्हणायची, तिची आईही. तुला काय वाटलं, मी तुला राखेत पुरून ठेवतेय?”

गाबियाही हसली. हसता हसता रडली. मनावरचं केवढं ओझं उतरलं.

“कोण आहे तो?” झिविलेने विचारलं.

“दोनातास. क्लायपेदाचा.”

“घरात चूल आहे का त्याच्या?”

“आहे. पिझ्झाची रिकामी खोकी जाळतो तिच्यात.”

“शी! त्याला म्हणावं, देवीच्या तोंडात कचरा घातलास तर माझ्याशी गाठ आहे.”

तो तिला न्यायला आला त्या संध्याकाळी झिविलेने लोखंडी भांड्याच्या तळाशी राख पसरली. चुलीतले सगळ्यात टपोरे निखारे निवडून त्यात ठेवले, वर पुन्हा राख घातली आणि झाकण लावलं.

गाबियाने दोन्ही हात मागे घेतले. “आई, नव्या घरच्या चुलीची आग तर मुलीच्या आईने द्यायची असते.”

“मग? तुझी आई सातव्या मजल्यावरून काय देणार, रेडिएटर?” झिविलेने भांडं टॉवेलात गुंडाळून तिच्या हातात दिलं. “मांडीवर धर. रस्त्यात पोलिसाने विचारलं तर सांग, उकडलेले बटाटे आहेत. आणि पोचल्या पोचल्या चूल पेटव, नवऱ्याला नंतर जेवू घाल.”

गाबियाने तिला घट्ट मिठी मारली. झिविलेने तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि तिला दाराकडे ढकललं.

“जा आता. उंबरठ्यावरून निरोप घेत नाहीत. मी काही बाहेर येणार नाही.”

दोनातासने गाडी सुरू केली होती. गाबिया दाराबाहेरच्या ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होती. भांड्याची ऊब टॉवेलातून पायाला लागत होती. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत राख ओढल्याचा आवाज आला, मग पाण्याची वाटी फरशीवर टेकल्याचा. सासू आज रोजच्यापेक्षा लवकर चूल निजवत होती.

“गाबेता, झोप आता,” झिविले म्हणाली. तिचा आवाज फार थकलेला होता. “तू तरी घर सोडून जाऊ नकोस.”

गाबियाच्या हातातली नाडी सुटली. रिमास गेल्यापासून सासूने आगीला गाबेता या नावाने कधी हाक मारलीच नव्हती. रोज म्हणायची ती गाबिया.