उष्टं नान

म्हाताऱ्या झूराकान आपांच्या अंगणातल्या जुन्या ट्रकच्या इंजिनाचा पंखा मिळाला, तरच ममसालीचा तसलाच ट्रक त्याच्या बायकापोरांना बर्फाआधी कुरणावरून खाली आणणार होता. बॉनेट उघडून त्याने थेट हात घातला.

“अरे, आधी बॅटरीची तार सोड!”

“आपा, बारा वर्षं उभी आहे ही गाडी. चावणार आहे का मला?”

“दर शुक्रवारी नमाजानंतर सुरू करते मी. पोरगा रशियाहून आला की चालू मिळायला हवी.”

ममसालीने हात मागे घेतला. “मग राहू दे पंखा.”

“काढ रे. तुझी माणसं वाट बघतायत.”

त्याने तार सोडली. आपांनी खुंटीवरचं नान उतरवलं. बारा वर्षांपूर्वी रशियाला निघताना त्यांच्या पोराने त्याचा एकच घास खाल्ला होता. रीतीप्रमाणे उरलेलं त्याने परतल्यावर खायचं होतं.

आपांनी ते चिमण्यांसाठी पाण्यात भिजत घातलं.