मेघासाठी स्थळ

"व्याही, सरका जरासं," म्हणत झुलालनाना शेजारी बसले आणि प्रेमराज खिडकीशी अडकला. अमळनेरहून धुळ्याला जाणारी एसटी सुटलीही होती. लेकीचा सासरा शेजारी येऊन बसला, की माणसाला झोपेचं सोंगसुद्धा घेता येत नाही.

"कोठे चालनात?" नानांनी विचारलं.

खरं उत्तर प्रेमराजच्या मोबाईलमध्ये होतं. धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत रविवारी दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग भरते. तो पत्ता त्याच्या लेकीने, ज्योतीने, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली तेव्हा शोधून दिला होता. अमळनेरात अशी मीटिंग असती तरी तो गेला नसता. तिथे चहावालाही त्याला बापाच्या नावाने ओळखतो. डॉक्टरांनी तर तोंडावर सांगितलं होतं, असंच पीत राहिलात तर पुढची आखाजी दिसणार नाही.

पण हे व्याह्याला कसं सांगायचं? लग्न ठरलं तेव्हा ज्योतीने त्याचे दोन्ही हात धरले होते. "बाबा, माझ्या सासरी हे कधी कळू देऊ नका," एवढंच तिने मागितलं होतं. भडगावला नानांच्या घरात कुणी सुपारीही खात नाही. कळलं, तर पोरीला जन्मभर 'दारुड्याची लेक' म्हणून ऐकून घ्यावं लागणार. या एका भीतीने प्रेमराज लग्नापासून व्याह्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता.

"मेघासाठी स्थळ पाहायला," तो बोलून गेला. मेघा त्याची पुतणी. ती बिचारी जळगावच्या होस्टेलात अभ्यास करत बसली असेल.

चुकलंच. खानदेशात दुसरी कुठलीही थाप मारावी, स्थळाची मारू नये. नानांचा चेहरा खुलला. मुलगा काय करतो? गाव कोणतं? मामा कुठले? शेतीला पाणी आहे का? खोटं बोलण्यात प्रेमराजचा हात धरणारा कुणी नव्हता, पिणाऱ्याला तो सराव असतोच. तरी धुळं येईपर्यंत मुलाचे मामा पारोळ्याहून चोपड्याला जाऊन पोचले होते.

स्टँडवर उतरल्यावर त्याने शेवटचा प्रयत्न केला. "नाना, तुम्ही तुमचं काम उरका. मी जाऊन येतो."

"मना काय काम शे? मी बी येस. स्थळ देखाले एकला मानूस जास का कधी?"

रीत तशीच आहे. दोघे रिक्षात बसले. पांझरेचा पूल ओलांडून शाळेजवळ उतरले. फाटक उघडं होतं आणि एका वर्गाबाहेर चपला काढलेल्या होत्या. प्रेमराज त्या चपलांकडे न पाहता पुढे चालत राहिला. नाना मागे होतेच. गल्ली संपली, दुसरी लागली, आणि वळून वळून दोघे पुन्हा त्याच फाटकाशी आले.

"घर कोठे शे?"

"असेल इथेच," प्रेमराज म्हणाला.

कोपऱ्यावर बार होता. मागच्या रविवारी तो फाटकापर्यंत येऊन थेट तिथेच शिरला होता, आणि घरी सांगितलं होतं की मीटिंग बंद होती. आज तोही रस्ता नव्हता. मीटिंगला जावं तर नाना, बारमध्ये जावं तर नाना, घरी परतावं तर एसटीत शेजारी नानाच. त्याला त्या भल्या माणसाचा मनापासून राग आला. एकदा तरी याने लघवीला जावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

नानांनी फाटकासमोरच्या टपरीवर चहा सांगितला. प्रेमराजने कप उचलला आणि अर्धा चहा शर्टावर सांडला. सकाळपासून घेतली नव्हती, हात ऐकत नव्हते. नानांनी उरलेला चहा बशीत ओतला आणि बशी स्वतः धरून त्याच्या तोंडाशी नेली. प्रेमराजला एकदम रडू यायला लागलं.

समोरच्या वर्गातला खुर्च्यांचा आवाज थांबला. कुणीतरी आतून दार लोटून घेत होतं. ते लागलं तर आपण कुठे जाणार, हे प्रेमराजला पक्कं माहीत होतं.

"नाना, स्थळबिळ काही नाही," तो खाली मान घालून म्हणाला. "मी पितो. रोज पितो. ज्योतीच्या लग्नातसुद्धा पिऊनच उभा होतो. त्या वर्गात दारू सोडणाऱ्यांची मीटिंग आहे, तिथे जायचं होतं. मला काय बोलायचं ते बोला, आमच्या घरी पाय ठेवू नका. पण माझ्या पोरीला काही म्हणू नका. तिला सासरी सुखाने राहू द्या."

नानांनी बशी खाली ठेवली. त्याचा दंड धरला, रस्ता ओलांडला, फाटकातून आत नेलं आणि लोटलेलं दार हाताने उघडलं.

"पोरले कोन काय म्हनस? तिनीच तं समदं सांगीसन धाडं माले. बोलनी, बाबा दारपर्यंत जातस आन् मांगे फिरतस, त्यासले वर्गमा मजार बसाडा, मंगच घर या."