पिवळा रुमाल

अमेरिकेतल्या बफेलो शहराचा लेनर्ड तीस वर्षं अमेरिकन फुटबॉलवर पैजा लावत आला होता, पण हल्ली त्याचं मन पार विटलं होतं. "जरा धक्का लागला की पंच पिवळा रुमाल फेकून दंड ठोकतो! हा काय खेळ आहे? बालवाडी आहे नुसती!" दर रविवारी तो टीव्हीसमोर बोंबलायचा.

या रविवारी बर्फ नुसता कोसळत होता. मैदानात गडी एकमेकांना उचलून आपटत होते आणि सामना संपत आला तरी पंचाचा हात काही खिशाकडे गेला नव्हता.

"लेनी, अगदी तुझ्या लहानपणीचा खेळ चाललाय की रे!" स्वयंपाकघरातून डोरीनने नवऱ्याला कौतुकाने हाक दिली.

लेनर्ड टीव्हीपुढे गुडघे टेकून रडकुंडीला आला होता. "पंचा, बाबा, टाक की रे रुमाल! आज दहा तरी रुमाल पडतील यावर बर्फ उपसायच्या मशीनसाठी ठेवलेले सगळे पैसे लावलेत!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

मग भांडी पुसायचं पिवळं फडकं उडत येऊन त्याच्या डोक्यावर पडलं.

"हा घे एक," डोरीन म्हणाली, "आणि फावडं दाराशी आहे."